चित्रपटाची शुद्ध प्रत

जुन्या पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थाच्या कपाटांत एकाच ग्रंथाच्या तीन-चार प्रती आढळल्या म्हणजे घरच्या माणसांना त्याचें नवल वाटतें. ग्रंथ एकच, मग प्रती चार कशाला? परंतु ज्याला पोथ्यांची परीक्षा आहे तो जाणतो कीं, या चार प्रती म्हणजे चार निराळे पाठ आहेत. एकींत लेखकूनें ओळ गाळली आहे, दुसरींत समासांतील टीप मजकुरांत घुसली आहे, तिसरीचीं पानें पाण्यानें पुसट झालीं आहेत. आणि चौथी दिसावयास सामान्य असली तरी मूळ ग्रंथाच्या सर्वांत जवळची आहे. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांतील असा गोंधळ पाहूनच. चित्रपट हाही प्रतींतून जगणारा ग्रंथ आहे. जगांतील अभिजात चित्रपट तबकड्यांवर घेऊन घरीं जमविण्याचा जो छंद गेल्या चाळीस वर्षांत वाढला, त्याचा खरा अर्थ या बाजूनें पाहिलें म्हणजे लागतो. येथें तबकडी म्हणजे ग्रामोफोनची नव्हे. लेसर-किरणानें वाचली जाणारी डीव्हीडी किंवा ब्लू-रे, असें समजावयाचें.

एकाच चित्रपटाची हकीगत सांगितली म्हणजे हें स्पष्ट होईल. फ्रेंच दिग्दर्शक जां रेन्वा यांचा ‘ला ग्रांद इल्यूझिओं’ हा बोलपट १९३७ सालीं पॅरिसमध्यें प्रथम दाखविण्यांत आला. पहिल्या महायुद्धांत जर्मनांच्या कैदेंत पडलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची ही कथा. तींत शत्रूही माणूस म्हणूनच दिसतो. त्याच वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत तिला पारितोषिक मिळालें. (पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ याच महोत्सवांत दाखविला गेला व त्याचाही तेथें गौरव झाला, हें मराठी मनुष्यानें सहज लक्षांत ठेवण्यासारखें आहे.) नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स याचा मात्र या चित्रपटावर विलक्षण राग होता. १९४० मध्यें पॅरिस जर्मनांच्या हातीं पडलें, आणि चित्रपटाची मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यांतून निघालेली अस्सल फीत, जप्त होऊन बर्लिनला गेली.

पुढें ती बॉम्बहल्ल्यांत जळाली असा सर्वांचा समज झाला. रेन्वा यांचाही तोच समज होता. १९५८ मध्यें त्यांनीं नकलांवरून नकला काढलेल्या फिती गोळा करून चित्रपट जमेल तसा पुन्हा उभा केला, आणि जगानें अनेक वर्षें पाहिला तो हाच. वस्तुतः निगेटिव्ह जळालेली नव्हती. १९४५ मध्यें बर्लिन पडल्यावर रशियन सैन्यानें तेथील फितींचे डबे मॉस्कोला नेले. साठ-सत्तरच्या दशकाच्या मधल्या काळांत मॉस्कोचें चित्रपट-संग्रहालय व फ्रान्समधील तुलूझचें संग्रहालय यांच्यामध्यें देवघेव झाली, तींत हे डबे कोणाच्या लक्षांत न येतां फ्रान्सला परत आले. तुलूझच्या फडताळांत ते आणखी पाव शतक तसेच पडून राहिले. १९९० नंतर जुन्या फितींची तपासणी चालू असतां कोणी डबा उघडला, आणि आंत अस्सल निगेटिव्ह निघाली! रेन्वा १९७९ मध्येंच निवर्तले होते.

अमेरिकेंतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या प्रकाशनसंस्थेनें आपल्या डीव्हीडींना अनुक्रमांक दिले, तेव्हां पहिला क्रमांक याच चित्रपटासाठीं राखून ठेवला होता. परंतु तबकडीची तयारी चालू असतांना या सांपडलेल्या निगेटिव्हची वार्ता लागली व काम थांबविण्यांत आलें. त्यामुळें क्रमांक दोनचा ‘सेव्हन सामुराई’ आधीं बाजारांत आला आणि क्रमांक एकची तबकडी १९९९ च्या नोव्हेंबरांत निघाली. ज्यांनीं पूर्वीं हा चित्रपट धुरकट, पांढुरक्या प्रतींत पाहिला होता त्यांना तुरुंगाच्या भिंतींचा पोत आणि अधिकाऱ्यांच्या गणवेषावरील शिवण प्रथमच दिसली. पुढें हक्कांची मुदत संपली, क्रायटेरियनची ती तबकडी छापावयाची बंद झाली, आणि २०१२ मध्यें दुसऱ्या प्रकाशकांनीं त्याच निगेटिव्हवरून अधिक सूक्ष्मतेनें नवी ब्लू-रे काढली. आतां ज्या संग्राहकाच्या घरीं या दोन्ही तबकड्या व शिवाय एखादी जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, त्याच्यापाशीं तीन वस्तू नाहींत. तीन पाठ आहेत.

हीं तबकडी बनते कशी आणि वाचली कशी जाते, हें थोडक्यांत समजून घेणें इष्ट होईल. पारदर्शक प्लास्टिकच्या पृष्ठावर मध्यापासून बाहेर जाणारी एक अखंड सर्पिल रेघ असते, आणि त्या रेघेंत सूक्ष्म खळगे असतात. त्यांवर धातूचा चकचकीत मुलामा चढविलेला असतो. तबकडी फिरूं लागली म्हणजे लेसरचा किरण रेघेवरून धांवतो. खळगा आला कीं परतणारा प्रकाश बदलतो, आणि या बदलांच्या खुणांवरून यंत्र चित्र व ध्वनि पुन्हा घडवितें. किरण जितका बारीक, तितके खळगे लहान व दाट ठेवतां येतात. जाड टोकाच्या बोरूनें बारीक अक्षर निघत नाहीं, तसेंच हें. डीव्हीडीचा किरण तांबडा, त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. त्यामुळें डीव्हीडीवर रेघेच्या दोन वेढ्यांमध्यें ०.७४ मायक्रॉन अंतर ठेवावें लागतें तें ब्लू-रेवर ०.३२ मायक्रॉनवर आलें, आणि त्याच १२ सेंटिमीटरच्या तबकडींत एका थरावर ४.७ च्या जागीं २५ गिगाबाइट मजकूर मावूं लागला. भारतांत चालणाऱ्या डीव्हीडीवरील चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचें असतें, ब्लू-रेचें १९२० बाय १०८०; म्हणजे बरोबर पांचपट.

या कुळाचा मूळपुरुष लेसरडिस्क. १९७८ च्या डिसेंबरांत ती अमेरिकेंतील अटलांटा शहरीं प्रथम विक्रीस आली. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची. आणि एका बाजूस फार तर तासाभराचें चित्रण, त्यामुळें ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं उठून ती उलटावी लागे. भारतांतील घरांत ती फारशी पोंचली नाहीं. परंतु या छंदाचा पाया तिनेंच घातला. १९८४ मध्यें क्रायटेरियननें ‘सिटिझन केन’ व ‘किंग काँग’ हे दोन चित्रपट लेसरडिस्कवर काढले. ‘किंग काँग’ १९३३ चा. त्याचा ध्वनि एकपदरी, आणि तबकडीवर तर ध्वनीसाठीं दोन पदर मोकळे. रिकाम्या पदरावर काय घालावें? लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयांतील चित्रपट-विभागाचे प्रमुख रोनाल्ड हेव्हर यांना बसवून, चित्रपट चालूं असतांना ते जें सांगतील तें त्या पदरावर मुद्रित करण्यांत आलें. राक्षसी वानराची हालचाल कशी साधली, कोणतें दृश्य कोठें घेतलें, असें ते पडद्याबरोबर बोलत गेले. मूळ ओवी आणि तिच्या जोडीला भाष्य, अशी ही व्यवस्था आपल्या लोकांना नवी नाहीं; चित्रपटाला मात्र ती प्रथमच लाभली. पुढें डीव्हीडीच्या काळांत प्रत्येक चित्रपटाला भाष्य जोडण्याची चाल पडली आणि त्यांतील पुष्कळशीं भाष्यें पडद्यावर जें दिसतच आहे तेंच पुन्हा सांगतात, हेंही कबूल केलें पाहिजे. सर्वच टीकाकार मल्लिनाथ नसतात.

महाराष्ट्रांतील बहुसंख्य घरांत चित्रपट तबकडीवर आला तो मात्र व्हीसीडीच्या रूपानें. १९९३ मध्यें ठरलेल्या या पद्धतीचें चित्र अवघें ३५२ बाय २८८ बिंदूंचें, आणि एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटेंच मावत. म्हणून तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला तीन तबकड्या लागत. ती स्वस्त होती, कोपऱ्यावरच्या दुकानांत भाड्यानें मिळे, आणि तिनें जुने मराठी बोलपट ज्या घरांत पोंचविले तेथें ते एरवीं कधींच पोंचले नसते, हे तिचे उपकार आहेत. तथापि तिनें वाईट संवयीही लावल्या. चित्राच्या कोपऱ्यांत विक्रेत्याचें मानचिन्ह सतत लकाकत ठेवावें, एखादें गाणें किंवा श्रेयनामावली खुशाल कापावी, कृष्णधवल चित्र पांढरें फटक किंवा काळें ठिक्कर झालें तरी चालवून घ्यावें, असा प्रघात पडला. ज्या छापखान्यांतून ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय गळला असतां लोकांनीं आरडाओरडा केला असता, त्याच लोकांनीं हें मुकाट्यानें सोसलें.

पाठ बिघडविणारीं कारणें याहूनही सूक्ष्म आहेत. तीं ओळखतां आलीं म्हणजे मनुष्य संग्राहक झाला असें समजावें.

पहिलें कारण चौकटीचें. १९५३ पासून सिनेमास्कोपसारख्या रुंद पडद्यांचे चित्रपट निघूं लागले. त्यांच्या चित्राची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहूनही अधिक असे. घरच्या जुन्या दूरचित्रवाणीचा पडदा मात्र चारास तीन या प्रमाणाचा. मोठें चित्र लहान चौकटींत बसवावयाचें म्हणजे एक तर वरखालीं काळ्या पट्ट्या सोडून तें पूर्ण दाखवावें, नाहीं तर दोन्ही बाजू छाटाव्या. पुष्कळ विक्रेत्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. हिशेब केला तर अशा छाटणींत चित्राचा दोन पंचमांशांहून अधिक भाग नाहींसा होतो. दोन माणसें बोलत असतील तर एकाचें नुसतें नाक दिसतें. गंमत अशी कीं, काळ्या पट्ट्या पाहून ‘आमचें चित्र कापलें’ अशी तक्रार करणारे प्रेक्षकच अधिक निघत.

दुसरें कारण गतीचें. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनीं घेतला जातो. युरोप व भारत येथील जुनी दूरचित्रवाणी-पद्धति सेकंदाला २५ चित्रांची. त्यामुळें या देशांतील डीव्हीडीवर चित्रपट किंचित वेगानें धांवतो; शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो, आणि आवाजही थोडा चढतो. २०७ मिनिटांचा ‘सेव्हन सामुराई’ या गतीनें १९९ मिनिटांच्या आंत उरकेल, आणि वेष्टनावरील आंकडा वाचून ग्राहकाला वाटेल कीं आठ मिनिटें कापलीं! एकही चित्र कापलेलें नसतें. उलट, परदेशीं खरोखरच कापलेल्या प्रती या चित्रपटाच्या होऊन गेल्या आहेत. म्हणून मिनिटें मोजतांना आधीं गति पाहावी लागते. ब्लू-रेवर चित्रपट पुन्हा मूळच्या २४ वर आला, आणि गाण्याचा कान असलेल्यांना हायसें झालें.

मूकपटांच्या बाबतींत गतीचा प्रश्न आणखीच नाजूक आहे. कारण त्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत आणि ठराविक गति अशी नव्हतीच. डेन्मार्कच्या कार्ल ड्रायर यांनीं फ्रान्समध्यें काढलेला ‘जोन ऑफ आर्कची यातना’ हा १९२८ चा मूकपट सेकंदाला २४ चित्रांनीं चालविला तर ८१ मिनिटांचा होतो आणि २० चित्रांनीं चालविला तर ९७ मिनिटांचा. कोणती गति खरी, यावर जाणत्यांचें एकमत नाहीं. म्हणून कांहीं प्रकाशकांनीं एकाच संचांत दोन्ही पाठ दिले आणि निवड प्रेक्षकावर सोंपविली. हा प्रामाणिकपणा पुस्तकांच्या संपादकांनींही घेण्यासारखा आहे.

तिसरें कारण अतिउत्साहाचें. फितीवर चित्र उमटतें तें चांदीच्या अत्यंत बारीक कणांनीं, आणि मोठ्या पडद्यावर हे कण रवाळ तुपासारखे हलतांना दिसतात. हा रवा म्हणजे दोष नव्हे. चित्र त्याचेंच बनलेलें आहे. परंतु कांहीं कारागिरांना तो घाण वाटतो. ते संगणकाकडून तो घांसून काढवितात आणि त्याबरोबर कातडीवरील सुरकुत्या, कापडाची वीण, दूरच्या झाडाचीं पानें हींही जातात. उरतो तो मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत चेहरा. काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फांसून ‘जीर्णोद्धार केला’ म्हणणारी मंडळी आपल्या गांवोगांवीं आहेत. तींच ही जात.

खरा जीर्णोद्धार कसा असतो हें पाहावयाचें असेल तर जर्मन दिग्दर्शक फ्रित्स लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ची तबकडी पाहावी. १९२७ च्या जानेवारींत बर्लिनला हा मूकपट पूर्ण रूपांत दाखविला गेला. परंतु लौकरच अमेरिकन व जर्मन वितरकांनीं त्याची कापाकापी केली आणि सुमारें पाव चित्रपट जगांतून नाहींसा झाला. ऐंशीं वर्षांनीं, २००८ मध्यें, दक्षिण अमेरिकेंत ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट-संग्रहालयांत एक १६ मिलिमीटरची प्रत निघाली. ती जवळजवळ संपूर्ण होती. मात्र ती मूळ मोठ्या फितीची नक्कल, आणि मूळ फितीवरील सारे ओरखडे तींत कायमचे उतरलेले. शिवाय लहान चौकटींत उतरवितांना चित्राची एक कडही गेलेली. २०१० मध्यें या प्रतींतील सुमारें २५ मिनिटें आपापल्या जागीं बसवून चित्रपट पुन्हा दाखविला गेला व त्याच वर्षीं तबकडीवर आला. संपादकांनीं येथें शहाणपण केलें. नवे तुकडे शक्य तितके स्वच्छ केले, पण इतर चित्राशीं बेमालूम जुळविण्याचा आव आणला नाहीं. पाहतां पाहतां पडद्यावर पावसाची झोड उठावी तसे ओरखडे सुरू होतात आणि प्रेक्षक ओळखतो कीं, हा हरवलेला भाग. जुन्या ताम्रपटाच्या वाचनांत पुसट अक्षरें कंसांत छापतात, तीच ही रीत.

वर सांगितलेल्या ‘जोन’चें भाग्यही असेंच. त्याची मूळ निगेटिव्ह १९२८ च्या डिसेंबरांत बर्लिनमध्यें जळाली. ड्रायर यांनीं न वापरलेल्या फितींतून दृश्यामागून दृश्य जुळवून दुसरी निगेटिव्ह सिद्ध केली. पुढल्याच वर्षीं तीही आगींत गेली. त्यानंतर अर्धशतक जगानें पाहिल्या त्या निरनिराळ्या तुकड्यांच्या गोधड्या. १९८१ मध्यें नॉर्वेंतील ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटांत कांहीं डबे मिळाले आणि त्यांत मूळ पाठाची प्रत निघाली. आज तबकडीवर फाल्कोनेत्तीचा जो चेहरा दिसतो, अश्रूंचा एकेक थेंब मोजतां येईल असा, तो त्या कपाटांतून आलेला आहे. ड्रायर १९६८ मध्येंच वारले होते. त्यांना ही वार्ता कळावयाची नव्हती.

भारतीय घराला सर्वांत जवळची हकीगत सत्यजित राय यांच्या अपु-त्रयीची. ‘पथेर पांचाली’ १९५५ चा, ‘अपराजितो’ १९५६ चा आणि ‘अपुर संसार’ १९५९ चा. १९९२ मध्यें राय यांना अमेरिकन अकादमीनें सन्माननीय ऑस्कर दिलें, त्या प्रसंगीं त्यांच्या चित्रपटांतील दाखविण्याजोगे तुकडे मिळविणेंही कठीण गेलें. तेव्हां कोठें त्यांच्या चित्रपटांच्या मूळ फितींची दुर्दशा परक्यांच्या ध्यानीं आली. पुढल्या वर्षीं त्या निगेटिव्ह जतनासाठीं लंडनच्या एका प्रयोगशाळेंत पोंचल्या, आणि १९९३ च्या जुलैमध्यें त्या प्रयोगशाळेला आग लागली. तेथें जुन्या काळच्या नायट्रेट फितीही होत्या, आणि नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या दारूचें भावंड. तें पेटलें म्हणजे पाण्यानें विझत नाहीं. जळके, वितळून चिकटलेले डबे अमेरिकेला अकादमीच्या संग्रहांत धाडण्यांत आले. त्यांचा उपयोग काय, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. तरी ते कोणी फेंकले नाहींत, यांतच सर्व आलें.

वीस वर्षांनीं क्रायटेरियन व अकादमी यांनीं ते डबे पुन्हा उघडले व इटलींतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेकडे सोंपविले. तेथील कारागिरांनीं ठिसूळ झालेल्या फितींना प्रथम ओलावा देऊन लवचीकपणा आणला, मग वितळलेला चिकट भाग खरवडला, फाटलेल्या कडा एकेक करून जोडल्या. हें हातकाम जवळजवळ एक हजार तास चाललें. अखेरीस ‘पथेर पांचाली’चा सुमारें चाळीस टक्के व ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हवरून उतरवितां आला. ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह मात्र वांचली नाहीं, तो, आणि पहिल्या दोहोंतील राहिलेलें सर्व, निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत जपलेल्या उत्तम प्रतींवरून भरून काढलें. २०१५ मध्यें हे तिन्ही चित्रपट न्यूयॉर्कमध्यें दाखविले गेले आणि वर्षअखेरीस तबकड्यांवर आले. त्यांत दुर्गा आणि अपु काशफुलांच्या रानांतून आगगाडी पाहावयास धांवतात, तेव्हां पूर्वीं नुसता पांढरा लोट दिसे तेथें आतां एकेक तुरा वेगळा दिसतो. या संचाची किंमत सामान्य घराला जड वाटेल अशीच आहे. परंतु ती किंमत त्या हजार तासांचीही आहे, हें घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

या छंदांत वेड्यांची उणीव नाहीं. पाठकण्यावर क्रमांक छापला असला म्हणजे मधला क्रमांक रिकामा राहिलेला कांहींजणांना सोसत नाहीं. मग चित्रपट आवडो न आवडो, तबकडी आणून फटीत बसविली पाहिजे! टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या शाळकरी मुलाची ही वृत्ति; तीस वर्षें वयाला शोभत नाहीं. प्लास्टिकचें वेष्टनही न फोडलेल्या तबकड्यांच्या रांगा हें तिचें लक्षण. ज्यानें केवळ पन्नास तबकड्या जमविल्या, पण प्रत्येक दोनदां पाहिली व एकदां भाष्यासह ऐकली, त्याचा संग्रह मोठा म्हणावयास हवा.

अशा पन्नासांत कोणत्या असाव्यात, याचा आराखडा ज्याचा त्यानें करावा. मात्र केवळ फ्रान्स, इटली, जपान यांच्यावर थांबूं नये. मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं २००७ मध्यें सुरू केलेल्या एका उपक्रमांतून आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील उपेक्षित चित्रपट दुरुस्त होऊन संचांच्या रूपानें आले आहेत. २०१३ च्या पहिल्या संचांत ऋत्विक घटक यांचा ‘तितास एकटि नदीर नाम’ आहे. २०२२ च्या चौथ्यांत उदयशंकर यांचा १९४८ चा नृत्यपट ‘कल्पना’ आहे, आणि त्याच्याच शेजारीं मोहम्मद रझा अस्लानी यांचा ‘शतरंज-ए-बाद’ हा इराणी चित्रपट. हा १९७६ मध्यें तेहरानच्या महोत्सवांत दाखविला गेला आणि १९७९ च्या क्रांतीनंतर त्यावर बंदी आली. त्याची फीत नष्ट झाली असें सर्व धरून चालले होते. २०१४ मध्यें दिग्दर्शकाच्या मुलाला ती तेहरानमधील जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळाली. येथें पहिल्या मराठी चित्रपटकाराची आठवण होणें स्वाभाविक आहे. फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चीं आज जीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत, तीं १९१३ चीं कीं १९१७ मध्यें त्यांनींच पुन्हा काढलेल्या आवृत्तीचीं, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. त्यासाठीं कोणतें जुनें दुकान धुंडाळावें?

हे चित्रपट घरबसल्या इंटरनेटवरून पाहतां येतात, मग तबकडीचा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न घरांतील तरुण मंडळी विचारतात, आणि तो अयोग्य नाहीं. उत्तर असें कीं, तेथें चित्रपट भाड्यानें राहतो. हक्कांची मुदत संपली कीं, एके सकाळीं तो नाहींसा होतो आणि त्याची वार्ताही कोणी देत नाहीं. अभिजात चित्रपटांसाठींच १९१६ नव्हे, २०१६ मध्यें थाटानें उघडलेली ‘फिल्मस्ट्रक’ ही सेवा २०१८ च्या नोव्हेंबरांत बंद झाली. दोन वर्षें पुरीं झालीं होतीं इतकेंच. शिवाय तेथें कोणता पाठ चालूं आहे, छाटलेला कीं पूर्ण, हें वेष्टनावर वाचतां येत नाहीं, कारण वेष्टनच नसतें.

तबकडी घेणाऱ्यालाही अडचणी आहेतच. प्रकाशकांनीं जगाचे विभाग पाडले असून एका विभागाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर चालूं नये अशी योजना केली आहे. डीव्हीडीसाठीं भारत पांचव्या विभागांत, अमेरिका पहिल्यांत, पश्चिम युरोप व जपान दुसऱ्यांत. ब्लू-रेचे विभाग तीन. अमेरिका व जपान ‘ए’, युरोप ‘बी’, भारत ‘सी’. अमेरिकेंतल्या नातलगानें हौसेनें आणलेला संच मुंबईच्या यंत्रानें नाकारावा, असें यामुळें घडतें. सर्व विभाग वाचणारें यंत्र मिळतें. तबकड्या मागविण्यापूर्वीं तें घ्यावें. कित्येक तबकड्यांवर विभागाचें बंधन मुळींच नसतें, तेंही आधीं पाहून ठेवावें.

जपणुकीचे नियम थोडे आहेत. तबकडी कडेनें व मधल्या भोंकानें धरावी. पुसावयाची तर मऊ कापडानें, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसूं नये, कारण रेघेच्या दिशेनें उठलेला ओरखडा यंत्राला सर्वांत अधिक छळतो. डीव्हीडीचा लेखनाचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्यें सुरक्षित असतो. ब्लू-रेचा पृष्ठापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून त्यावर कठीण लेप दिलेला असतो. दोन चकत्या जोडणारा डिंक वाईट निघाला किंवा आंत हवा शिरली तर मुलामा गंजतो व तबकडी आपोआप आंधळी होते. यावर उपाय नाहीं. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याचे चार महिने तबकडीपेक्षां तिच्याबरोबरच्या पुस्तिकेची काळजी अधिक. तिला बुरशी धरते. पेट्या पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या व कपाट भिंतीला चिकटवूं नये.

मोठी काळजी यंत्राची आहे. टपालानें डीव्हीडी भाड्यानें देण्याची नेटफ्लिक्सची अमेरिकेंतील व्यवस्था १९९८ मध्यें सुरू झाली होती. ती २०२३ च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. उत्तम वाचनयंत्रें करणाऱ्या ओप्पो या कंपनीनें २०१८ मध्यें तीं करण्याचें सोडलें, आणि सॅमसंगनें २०१९ मध्यें अमेरिकेच्या बाजारासाठीं नवीं यंत्रें काढणार नसल्याचें जाहीर केलें. तबकड्या अजून निघत आहेत, चांगल्या निघत आहेत. परंतु त्या वाचणाऱ्या यंत्राचा लेसर झिजतो, आणि त्याचा सुटा भाग मिळणें वर्षागणिक कठीण होत आहे. म्हणून जाणते संग्राहक एक दुसरें यंत्र आजच घेऊन, कोरड्या जागीं कापडांत गुंडाळून ठेवतात, आणि तें वर्षांतून दोन-तीनदां काढून चालवून पाहतात.